नाताळात घरच्या घरी जिनची चव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळच्या सुट्टीत चार जण जमून वेगवेगळ्या जिन चाखायच्या, ही हौस आता मुंबई-पुण्याच्या घरांतही दिसू लागली आहे. २०१७ पासून गोव्यात एकामागून एक नव्या जिन तयार होऊ लागल्या आणि ज्या तोडीची बाटली पूर्वी परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी सांगून मागवावी लागे, तशी बाटली नाक्यावरच्या वाइन शॉपमध्ये मिळू लागली. डिसेंबर लागला की याबद्दल तेच तेच प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्या घरात धने, जायपत्री, वेलची रोज हाताळली जाते, तिथल्या नाकाला जिन ओळखणं जड जाऊ नये. फक्त सुरुवात नाकापासून करायची आणि घाई करायची नाही.

जिन आणि वोडका यांत फरक काय?

दोन्हींचा पाया एकच, धान्यापासून किंवा मळीपासून काढलेलं स्वच्छ, जवळजवळ चव नसलेलं अल्कोहोल. त्यात ज्युनिपर आणि इतर मसाले घालून पुन्हा भट्टीतून काढलं की जिन होते. ज्युनिपरची चव पुढे असलीच पाहिजे, हा जिनचा मूळ नियम. युरोपात जिनमध्ये किमान ३७.५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. आपल्याकडे बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं दिसेल.

ज्युनिपरला आपण फळ म्हणतो खरं, पण ते सूचिपर्णी झुडपाचं मांसल शंकू असतं. झुडपावर ते पिकायला दोन-तीन वर्षं लागतात. युरोपातल्या जिनसाठी ते इटली आणि बाल्कन भागातून येतं. हिमालयातही ज्युनिपर वाढतं.

‘लंडन ड्राय’ लिहिलेली जिन लंडनमध्येच बनते का?

नाही. ते पद्धतीचं नाव आहे. सगळा सुगंध भट्टीतूनच यायला हवा, नंतर रंग किंवा अर्क घालायचा नाही आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नको. या अटी पाळल्या तर गोव्यातली जिनही लंडन ड्राय असू शकते, आणि असते.

चाखायला किती आणि कोणत्या बाटल्या घ्याव्यात?

चार. पाचव्या जिनपर्यंत नाक थकलेलं असतं, मग सगळ्या सारख्याच वाटू लागतात. चौघांनी एकेक बाटली आणली तर खर्चही वाटला जातो. दुकानात छोट्या बाटल्या आहेत का, तेही विचारून बघा.

निवड करताना ब्रँड किती भारी आहे, याच्याकडे बघू नका. चारही एकमेकींपासून दूर असतील असं बघा. मी साधारण अशी मांडणी सुचवतो.

पहिली जिन साधी, जुन्या वळणाची असावी. टँकरे इथे फार उपयोगी पडते, कारण तिच्यात फक्त ज्युनिपर, धने, अँजेलिका नावाच्या वनस्पतीचं मूळ आणि ज्येष्ठमध आहे. चारच घटक असल्यामुळे ज्युनिपर लपायला जागा उरत नाही. संध्याकाळभर बाकीच्या जिन मोजायची पट्टी हीच.

दुसरी ग्रेटर दॅन. गोव्यात तयार झालेल्या नव्या पिढीच्या जिनची सुरुवात हिने २०१७ मध्ये केली. लंडन ड्राय पद्धतीची असली तरी तिच्यात आलं, बडीशेप, गवती चहा आणि कॅमोमाइलची फुलं आहेत. गवती चहा नाकाला लगेच सापडतो, कारण तो आपण पावसाळ्यात रोज उकळतो. बडीशेप मात्र घोट गेल्यावर मागाहून येते.

तिसरी स्ट्रेंजर अँड सन्स, तीही गोव्याचीच, २०१८ ची. काळी मिरी, जायफळ, जायपत्री आणि लिंबूवर्गीय फळांच्या साली असा तिचा घाट आहे. चारांत ही सगळ्यात गरम मसाल्याकडे झुकते.

चौथी हापुसा. नाव वाचून आंबा आठवेल, पण तो संबंध नाही. आयुर्वेदातल्या हपुषेवरून, म्हणजे ज्युनिपरवरूनच, हे नाव आलं आहे. हिच्यात हिमालयातलं ज्युनिपर वापरतात, सोबत हळद, कैरी, वेलची, आलं आणि बंगालचं गंधराज लिंबू. टँकरेच्या शेजारी ठेवून हुंगली की दोन ठिकाणचं ज्युनिपर किती वेगळं असतं ते कळतं. इथलं ज्युनिपर मातकट आणि ओलसर येतं. मला स्वतःला या चारांत हीच सगळ्यात जास्त आवडते, पण ती पहिल्या फेरीत देऊ नका. आधी पट्टी पक्की होऊ द्या.

यातली एखादी मिळाली नाही तर रामपूरला तयार होणारी जैसलमेर घ्या किंवा बॉम्बे सफायर. बॉम्बे सफायरच्या नावात आपलं शहर असलं तरी ती इंग्लंडमधल्या हॅम्पशायरची. तिच्या दहा घटकांत कंकोळही आहे. तिथे मसाले अल्कोहोलमध्ये भिजवत नाहीत, जाळीत ठेवून त्यांतून वाफ नेतात, म्हणून ती हलकी लागते.

मला वास ओळखताच येत नाहीत. काय करू?

मसाल्याचा डबा टेबलावर घ्या. हे उत्तर मी सगळ्यांना देतो आणि ते खरोखर कामाला येतं.

छोट्या वाट्यांत थोडे धने, काळी मिरी, हिरवी वेलची, जायपत्री, दालचिनी, ज्येष्ठमधाची कांडी, बडीशेप आणि संत्र्याची ताजी साल काढून ठेवा. धने आख्खे ठेवू नका. खलबत्त्यात चार-पाच दाणे हलकेच चेचा आणि लगेच हुंगा. भाजलेल्या धन्यांचा जो आमटीचा वास आपल्या डोक्यात असतो, तो इथे नसतो. कच्च्या, नुकत्या फुटलेल्या धन्याला लिंबाची आणि फुलांची झाक असते. ती लिनालूल नावाच्या द्रव्याची, तेच द्रव्य लव्हेंडरमध्येही आहे. आता लगेच जिनचा पेला नाकाशी न्या. मघाशी नुसता ‘दारूचा वास’ वाटत होता, त्यातून धने सुटे होऊन समोर येतात. बहुतेक सगळ्या जिनमध्ये ज्युनिपरच्या खालोखाल धनेच असतात, त्यामुळे एवढी एक ओळख पटली की अर्धी वाट संपते.

ज्युनिपर मात्र आपल्या डब्यात नसतं. त्याचा मुख्य वास पाइनीनचा, म्हणजे चीडच्या झाडाचा, राळेचा. हिमाचलच्या जंगलातून चालला असाल तर ओळखीचा वाटेल. घरात त्याच्या जवळचं काही हवं असेल तर रोझमेरीची काडी चुरगाळून बघा.

दालचिनी आणि जायपत्री एकाच वेळी हुंगू नका, दोन्ही नाकात रेंगाळतात. मध्ये स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं. आणि त्या संध्याकाळी अत्तर, उदबत्ती, सुगंधी मेणबत्ती यांना सुट्टी द्या.

पेला कसला हवा?

तोंडाशी निमुळता होणारा कोणताही छोटा काचेचा पेला चालेल, वाइनचा असेल तर उत्तम. स्टीलचा नको. रुंद तोंडाच्या ग्लासात वास उडून जातो. पेले आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन हवेवर वाळवा. साबणाचा किंवा फडक्याचा वास राहिला तर सगळी मेहनत वाया.

नेमकं चाखायचं कसं?

प्रत्येक जिनचे माणशी १५ मिली ओता. म्हणजे छोट्या पेगच्या निम्मं. चार जिनचे मिळून ६० मिली, एक मोठा पेग होतो, आणि एका माणसाला संध्याकाळभरात तेवढं पुरे.

आधी नुसता वास. नाक पेल्यात खुपसू नका, हनुवटीच्या उंचीवरून हळूहळू वर आणा. तोंड किंचित उघडं ठेवलं तर अल्कोहोलचा झणका कमी लागतो. मग अगदी छोटा घोट, जीभ भिजेल एवढाच. पहिल्या घोटाला अल्कोहोलच जाणवतं, त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्या घोटानंतर नाकातून श्वास सोडा. जिनचा बराचसा मसाला त्या सुटलेल्या श्वासात कळतो.

मग त्यात तेवढंच साधं, थंड नसलेलं पाणी घाला. अल्कोहोल साधारण २१ टक्क्यांवर येतं आणि मिटलेले वास उघडतात. जिन तयार करणारी मंडळीही पाणी घालूनच पारख करतात, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. उलट ज्यांना कोरी जिन सोसत नाही त्यांनी थेट इथूनच सुरुवात करावी.

जे सुचेल ते कागदावर लिहा, आपल्या शब्दांत. ‘आजीच्या कपाटाचा वास’ हे ‘लाकडी सूर’ या पुस्तकी शब्दापेक्षा कितीतरी नेमकं असतं. आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणीही मोठ्याने बोलायचं नाही. एकाने ‘वेलची’ म्हटलं की सगळ्यांना वेलची यायला लागते.

पाणी किंवा बर्फ घातल्यावर जिन धुरकट झाली. भेसळ आहे का?

नाही. मसाल्यांची तेलं अल्कोहोलमध्ये विरघळलेली असतात, पाण्यात ती तशी विरघळत नाहीत. अल्कोहोल पातळ झालं की तेलाचे सूक्ष्म थेंब बाहेर येतात आणि धुरकटपणा दिसतो. तेल भरपूर असल्याची ती खूण आहे.

टॉनिक कोणतं आणि किती?

टॉनिक म्हणजे जिनमध्ये घालायचं कडसर, फसफसतं पाणी. चारही जिनला एकच टॉनिक वापरा, नाहीतर तुलना टॉनिकचीच होईल. सर्वांत सहज मिळतं ते श्वेप्स. मुंबईच्या ‘स्वामी’ या कंपनीचं टॉनिकही आता बऱ्याच ठिकाणी असतं. एका भागाला दोन भाग टॉनिक घाला. पार्टीत एकाला चार-पाच भाग घालतात, त्यात जिन बुडते.

टॉनिकचा कडूपणा क्विनीनचा, म्हणजे मलेरियावरच्या जुन्या औषधाचा. सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळं काढलं गेलं १८२० मध्ये, पॅरिसमध्ये. टॉनिक वॉटरचं पहिलं पेटंट लंडनमध्ये १८५८ साली निघालं आणि श्वेप्सने १८७० मध्ये आपलं ‘इंडियन’ टॉनिक आणलं, कारण मलेरियाच्या मुलखात राहणाऱ्या इंग्रजांना क्विनीनची सवय होती. त्या काळात निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सरकारी सिंकोनाचे मळे उभे राहिले. आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन फारच थोडं असतं, मलेरियावर त्याचा उपयोग नाही. साखर मात्र चांगलीच असते, मधुमेह असणाऱ्यांनी लेबल वाचावं. क्विनीनची ॲलर्जी असेल, गरोदरपण असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठी औषध चालू असेल तर टॉनिकपासून लांब राहा आणि डॉक्टरांना विचारा.

बर्फाबद्दल काही?

बर्फाला फ्रीजरमधल्या सगळ्या वस्तूंचा वास लागतो. नाताळच्या आठवड्यात तिथे सुरमईचे तुकडे आणि मटार शेजारी असतात, आणि त्यांची आठवण जिनमध्ये येते. बर्फाचा ट्रे झाकणाचा घ्या किंवा त्या दिवशी बंद पिशवीतला विकतचा बर्फ आणा. तुकडे मोठे असावेत, हळू वितळतात. कोऱ्या फेरीत बर्फ नकोच.

लिंबू पिळायचं का?

पिळू नका. रसाचा आंबटपणा सगळ्यांवर बसतो. सालीतलं तेल वापरा. डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतात, त्यांच्यासारखी साल दुसरी नाही. रुपयाएवढा तुकडा काढा, आतला पांढरा भाग जमेल तेवढा खरवडून टाका, बाहेरची बाजू पेल्याकडे करून दोन बोटांनी दुमडा. दिव्याच्या उजेडात तेलाचा बारीक फवारा डोळ्यांनी दिसतो. साल आत टाकायचीही गरज नाही, कडेवरून एकदा फिरवली की झालं. ग्रेटर दॅनला हे फार शोभतं. स्ट्रेंजर अँड सन्सला मी कढीपत्त्याचं एक पान तळहातावर थोपटून देतो. हापुसाला काहीच नको.

कोकणातलं कुणी असेल तर तिरफळाचं एक टरफल टॉनिकमध्ये टाकून बघा. एकच. दोन टाकलीत तर जीभ बधिर होईल.

नाताळच्या फराळाबरोबर काय जुळतं?

गोव्यातून बिबिंक आणलं असेल तर ते स्ट्रेंजर अँड सन्सबरोबर ठेवा. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, तूप आणि जायफळ यांचे थर एकावर एक भाजून केलेली ही मिठाई, आणि जायफळ जिनमध्येही आहे. दोन्हीकडचं जायफळ एकमेकांना हाक मारतं. गोव्याच्या बिबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दोदोल ही गोव्याची दुसरी मिठाई गुळाची असल्यामुळे जड पडते, त्याला टॉनिकचा कडूपणा हवा. वसईकडची किंवा गोव्याची नारळाच्या सारणाची करंजी, म्हणजे नेवरी, ग्रेटर दॅनबरोबर छान जाते.

सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) आणि चोरीस (गोव्याचे मसालेदार सॉसेज) मात्र चाखणं संपल्यावर जेवताना घ्या. व्हिनेगर आणि लाल मिरची पुढे असताना जिनचा नाजूकपणा टिकत नाही. तेच झणझणीत चकण्याचं. चाखताना साधे मीठ लावलेले काजू, काकडी, पाव एवढंच पुरे. रिकाम्या पोटी मात्र कुणी बसू नये.

विलायतेत नाताळला स्लो जिन पितात म्हणे. ती काय असते?

स्लो नावाची आंबट-तुरट, छोट्या जांभळासारखी दिसणारी रानफळं असतात. शरद ऋतूत ती तोडून साखरेसह जिनमध्ये मुरत ठेवतात आणि नाताळाच्या सुमारास गाळतात. गोड, गडद तांबडी, किमान २५ टक्के अल्कोहोलची. ती लिकर, म्हणजे साखर घातलेलं गोड मद्य आहे, म्हणून मिळालीच तर सगळ्यात शेवटी घ्या. आपल्या मातीत याच्या जवळ जाणारं काही बघायचं असेल तर स्ट्रेंजर अँड सन्सने मुंबईच्या बॉम्बे कँटीन या रेस्टॉरंटबरोबर केलेली ‘पेरी रोड पेरू’ आहे, गुलाबी पेरूची. ती स्लो जिनसारखी गोड नाही, पण पिकलेल्या पेरूचा वास तिच्यात खराखुरा आहे.

निळ्या जिनचा रंग टॉनिक घातल्यावर बदलतो, तो कशामुळे?

गोकर्णाच्या फुलामुळे. त्यातलं रंगद्रव्य आम्ल मिळालं की जांभळं-गुलाबी होतं. बघायला सुंदर, चवीला जवळजवळ काही नाही. चाखण्याच्या ओळीत ठेवू नका, डोळ्यांवर विश्वास बसून नाक मागे पडतं.

सोबत फेणी ठेवावी का?

ठेवा, पण जिन संपल्यावर. काजूची फेणी फळाच्या रसापासून निघते, तिच्यात मसाला नसतो, वास सगळा फळाचा आणि आंबवणीचा. तिचा दरवळ इतका मोठा असतो की नंतर दुसरं काही कळत नाही. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्याच्या घरात नाताळला तिचा मान पहिला आहे, आणि तो राहावा असं मला वाटतं. उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या भट्टीतली सौम्य दारू) मात्र डिसेंबरात शोधू नका, तो काजूच्या हंगामातला, उन्हाळ्याचा.

घरी जिन बनवता येईल का?

भट्टी लावणं हा गुन्हा आहे आणि जिवाला धोका आहे, तो विषय बंद. वोडकात ज्युनिपर भिजवण्याची कृती बरेच जण विचारतात. काष्ठौषधींच्या दुकानातली हपुषा त्यासाठी वापरू नका. ज्युनिपरच्या काही जाती विषारी असतात आणि पुडीत कोणती आहे ते बघून ओळखता येत नाही.

परमिट लागतं का? गोव्याहून बाटली आणली तर चालेल का?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा वाइन शॉपमध्येच मिळतो, वर्षाचा आणि आजीवनही काढता येतो. जिनसाठी वय २५ पूर्ण हवं. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे हा बेतच नको.

गोव्यात तीच बाटली बरीच स्वस्त पडते, म्हणून डिक्कीत टाकून आणायचा मोह होतो. त्या बाटलीवर महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क भरलेलं नसतं, त्यामुळे ती परवानगीशिवाय आणणं गुन्हा ठरतो. डिसेंबरात सिंधुदुर्गच्या सीमेवर, बांदा-इन्सुली भागात, उत्पादन शुल्क विभागाची तपासणी कडक असते. इथल्या दुकानातून इथलीच बाटली घ्या.

प्रमाण किती सुरक्षित?

अजिबात धोका नाही असं कोणतंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ते उतरायला शरीराला तासभर तरी लागतो. म्हणून माणशी ६० मिलीवर थांबा, दोन-अडीच तासांत ते वाटून घ्या, प्रत्येक जिननंतर ग्लासभर पाणी प्या. टेबलावर एक रिकामं भांडं ठेवा. चव घेऊन थुंकणं हे जाणकारांचं रोजचं काम आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पाहुण्यांनी रिक्षाने, कॅबने यावं किंवा मुक्कामाच्या तयारीने यावं. झोपेच्या किंवा इतर कुठल्या गोळ्या चालू असतील त्यांनी फक्त वास घेण्यात भाग घ्यावा.

घरात न पिणारे आहेत. त्यांना कसं सामील करून घ्यायचं?

वास ओळखण्याच्या खेळात त्यांना पहिलं बसवा. रोज फोडणी घालणारी आई किंवा काकू या बाबतीत पिणाऱ्यांपेक्षा हमखास सरस ठरते. त्यांच्यासाठी टॉनिकमध्ये चेचलेले तीन-चार धने, आल्याची चकती आणि संत्र्याच्या सालीचं तेल घाला. टॉनिकचा कडूपणा नको असेल तर साधा सोडा. हे पेय उरलेलं म्हणून द्यायचं नाही, त्यांनाही तसाच निमुळता पेला आणि तसाच मोठा बर्फ द्या.

उरलेल्या बाटल्या कशा ठेवाव्यात?

उभ्या ठेवा, झाकण घट्ट लावून, उन्हापासून लांब, गॅसच्या शेजारी नकोत. जिन बाटलीत मुरत नाही आणि लवकर खराबही होत नाही, पण अर्धी रिकामी झालेली बाटली काही महिन्यांत वास गमावू लागते. सगळ्यात आधी संत्र्या-लिंबाचा वास जातो, ज्युनिपर सर्वांत शेवटी. म्हणून ग्रेटर दॅन उरली असेल तर ती आधी संपवा, टँकरे पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबेल. उघडलेलं टॉनिक मात्र दुसऱ्या दिवशी उपयोगाचं नाही.